माणसं किती?

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं भाड्याची खोली शोधून पाहिली नसावी.

मला बुलढाण्यात एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम लागलं, तेव्हा पोर पहिलीत जाणार होती. नवरा पुण्याला कंपनीत. शाळेतून आल्यावर पोरीला पाहायला माझी आई राहायला येणार होती. बाबा गेल्यापासून ती साखरखेर्ड्याला एकटीच होती. ती माझ्याजवळ राहावी, एवढंच मला हवं होतं.

खोली शोधायला तिघी निघालो. आईनं पिशवीत स्वतःचं ताट, पेला आणि देवीचा फोटो घेतला होता. खोलीचा पत्ता नाही आणि बाईसाहेब बिऱ्हाड घेऊन तयार, म्हणून मी तिला चिडवलंही.

आमच्याकडे घरमालक भाडं नंतर सांगतो, आधी विचारतो, "माणसं किती?" नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तेव्हा जितकी माणसं तितके ड्रम. आमचं "तिघी" ऐकून दोन घरांनी नाही म्हटलं. तिसऱ्या घराची मागची खोली मला बघताक्षणी आवडली. भाडं झेपणारं, शाळा हाकेच्या अंतरावर, दारात पेरूचं झाड. घरमालकीण मोटर बंद करून आली.

"माणसं किती?"

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी म्हणाले, "दोघीच. मी अन् पोर."

आई माझ्या मागंच उभी होती. मी वळायच्या आत ती म्हणाली, "हाव बाई, मी तं पोचवाले आली. उद्या जातो वापस."

आणि खरंच गेली. जाण्याआधी तिनं खोली झाडली, डबे लावून दिले. पिशवी मात्र उघडली नाही. मी मनात म्हटलं, महिनाभरानं पाहुणी म्हणून आणू, मग कोण विचारतंय.

पोर शाळेतून आली की घरमालकिणीकडेच बसू लागली. एक दिवस त्या बाईच म्हणाल्या, "तुमच्या आईले काऊन नाही आणत इकडं? एकट्या म्हाताऱ्या माणसाले पाणी तं किती लागते?" मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. रविवारी पहिल्याच गाडीनं मी गावाला गेले.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. घरमालकीण स्वतः म्हणाली, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सूप जरा माझ्याकडे सरकवलं.

"नाही वं माय. तू दोघीच म्हटलं होतं ना? मी आता राह्यली तं त्या बाईपुढं तू खोटी पडशीन."

रागानं बोलली असती तर मी भांडून तिला घेऊन आले असते. पण ती रागावली नव्हती. शेंगा सोलत बसून ती माझा खोटा शब्द खरा करत होती.