खाते नंबर एक

देवानंद सर बुलढाण्यात फॉक्सप्रो शिकवायचे, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही चपला बाहेर काढून जायचो. जुन्या डेटाबेसचा तो जमाना गेला. सरांचा ताठा मात्र तसाच आहे. पुस्तकातले इंग्रजी नमुने त्यांना कधी पटलेच नाहीत. दुकानातल्या खात्यांचा नमुना प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून मोताळ्याच्या आपल्या सख्ख्या मावशीचं, चांगुणाबाईंचं नाव टाकलं. फ्लॉपी मागेल त्याला फुकट.

पोरांनी तो कोड जसाच्या तसा उचलून गावोगावच्या दुकानांत बसवला. मावशीसकट! साखरखेर्ड्यापासून मोताळ्यापर्यंत खाते नंबर एक म्हणजे चांगुणाबाई. ते पुसायची कुणाची छाती नव्हती. पहिलं नाव काढलं की प्रोग्राम बंद पडतो, अशी समजूत. दारावरचं लिंबू-मिरची काढायला माणूस बिचकतो ना, तसं.

यंदा मावशींनी घरचं सोयाबीन तपासायला पेरून पाहिलं, तर निम्मं उगवलंच नाही. पेरणी तोंडावर आलेली. तोच प्रोग्राम अजून वापरणाऱ्या अविनाशच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या थोड्याच थैल्या उरल्या होत्या, त्याही फक्त खातं असलेल्यांना. मावशींनी तिथं कधी खरेदी केली नव्हती, म्हणून त्यांनी सरांना सोबत नेलं. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. अविनाशनं जुन्या कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि उठूनच उभा राहिला.

"मावशी, तुमी तं आमचं पयलं गिऱ्हाईक! किती थैल्या काढू?"

आता गप्प बसावं ना! पण आपला कोड कुणी चुकीचा वाचला की सरांच्या अंगाचा तिळपापड होतो.

"ते खातं खरं नाई," सर म्हणाले. "नमुन्यासाठी म्याच टाकलं होतं. खुशाल पुसा, काई बंद पडत नाई."

मावशी भडकल्या. "तुले आजच शहाणपण सुचलं काऊन बे? वावरात आता तुहा कोड पेरू काय?"

मला सरांचा असा राग आला की वाटलं, त्यांना तिथंच सोडून गाडी घेऊन निघावं.

अविनाश पडद्याकडे बघत म्हणाला, "पुसत नाई, सर. बाबाच्या काळापासून दुकान उघडलं की आधी हेच नाव दिसते. खोटं असन तं आज खरं करून टाकू."

त्यानं दोन थैल्या नोंदवल्या. प्रिंटर करकरला आणि खाते नंबर एकचं पहिलं बिल बाहेर आलं.

मावशींनी ते सरांकडून वाचून घेतलं आणि कंबरेवर हात ठेवून अविनाशला म्हणाल्या, "एक नंबरचं गिऱ्हाईक म्हणतं मले, अन् भाव सगळ्यायचाच लावतं काय? कमी कर."