तीन तळीच्या पुस्तकातले ल्यूशस गेदर

आमच्याकडे कुत्र्यांना संगमरवरी थडगी आहेत आणि माणसांना लाकडी फळ्या. हे मी चिडून म्हणत नाहीये. तीन तळी नावाच्या इस्टेटीच्या फाटकातून आत जा आणि डाव्या हाताला ओकच्या झाडाखाली बघा. एकवीस दगड, प्रत्येकावर नाव, जन्म, मृत्यू आणि कुठली स्पर्धा जिंकली ते. त्यातली सतरा कुत्री ल्यूशस काकांनी शिकवलेली. बरं, चिडूनच म्हणतेय.

ल्यूशस गेदर म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. मावशी गेल्यापासून त्यांचं सगळं मीच बघायचे. मी शाळेची बस चालवते, त्यामुळे सकाळची फेरी आणि तीनची फेरी यांच्यामधला वेळ त्यांच्या स्वयंपाकघरात जायचा. ते १९१५ साली तीन तळीतच जन्मले. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या दक्षिण टोकाचं हे नऊ हजार एकर पाइनचं रान उत्तरेकडच्या स्टॅनवूड घराण्याने लावा पक्ष्यांच्या शिकारीसाठी विकत घेतलेलं. मालक थंडीचे तीन महिने यायचे. उरलेले नऊ महिने रान आमच्या काळ्या माणसांनी राखायचं. मार्चमध्ये वाळकं गवत पेटवायचं, लाव्यांना लपायला रानटी आलुबुखाराची झुडपं वाढवायची आणि कुत्री तयार करायची.

लाव्यांचा वास लागला की कुत्र्याने जागच्या जागी ताठ उभं राहायचं आणि बंदूकवाले पोचेपर्यंत हलायचं नाही, एवढंच ते शिक्षण. ऐकायला सोपं आहे. काकांनी त्यात साठ वर्षं घातली आणि एकदाही कुत्र्यावर हात उगारला नाही. मावशी म्हणायची, "कुत्री होऊन जन्माला आले असते तर नवऱ्याने माझं तरी ऐकलं असतं."

कुत्र्यांखेरीज त्यांच्याकडे गाडी होती. दोन खेचरांची, मागे पाहुण्यांना बसायला गाद्या, पायाशी कुत्र्यांचे पिंजरे. त्या गाडीवर न्यायाधीश बसले, बँकांचे मालक बसले, आणि व्हिस्कीचा एक घोट पोटात गेला की सगळे मोकळे व्हायचे. कुणाचं कुणाशी सूत जुळलंय, कोण बुडायला आलाय, सगळं काकांच्या पाठीमागे बोललं जायचं. नियम असा होता की गाडीवर ऐकलेलं गाडीवरच सोडून उतरायचं. काकांनी मावशीलासुद्धा कधी एक शब्द सांगितला नाही. ती किती रुसायची! "अगं, मी खेचरांकडे बघत होतो," एवढंच त्यांचं उत्तर.

१९९७च्या थंडीत मालकांची नात मेरेडिथ स्टॅनवूड आली. लहानपणी ही पोर गाडीवर काकांच्या शेजारी बसायची, लगाम हातात द्या म्हणून हट्ट करायची. काकांनीच तिला घोड्यावर बसायला शिकवलं. तीन तळीला शंभर वर्षं होत होती आणि ती जागेचा इतिहास लिहायला घेणार होती.

"ल्यूशस, तुझ्याशिवाय हे पुस्तक होणारच नाही," ती म्हणाली. वय छत्तीस, समोर ब्याऐंशीचा माणूस, आणि तरी 'ल्यूशस, तू'. चार वर्षांची होती तेव्हापासूनची सवय.

"विचारा की, मिस मेरेडिथ," काका म्हणाले. "पण माझं एक मागणं आहे. माझं नाव घाला. आडनावासकट. इथल्या हजेरीवहीत मी साठ वर्षं नुसता ल्यूशस आहे. खेचरांची नावंसुद्धा तशीच लिहिलीत."

ती हसली, त्यांच्या गालाला गाल लावला आणि म्हणाली, "शब्द देते."

मग दर मंगळवारी ती टेपरेकॉर्डर घेऊन यायची आणि काका ओसरीवर बसून सांगायचे. कुठल्या साली गवत कुठून पेटवलं, कुठलं झुडूप कुणी लावलं, कुठल्या कुत्रीला कुठली खोड होती. मी आतून मक्याची भाकरी आणि पालेभाजी आणून ठेवायचे. मेरेडिथ बोटं चाटून खायची आणि मला म्हणायची, "ओपलीन, काय हात आहे गं तुझा!" मला ती आवडायची, हे कबूल करायला हवं. काका तर खुलले होते. आयुष्यभर पाहुण्यांकडे पाठ करून बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी समोर बसून विचारत होतं.

फेब्रुवारीत ती म्हणाली, "ल्यूशस, एकदा गाडी जुंपूया का? आपण दोघंच, पूर्वीसारखं."

त्या दिवशी गाडीवर काय झालं ते मला काकांनी नंतर सांगितलं, कधी ते पुढे येईलच. तिने टॅन्सीबद्दल विचारलं. टॅन्सी ही १९५६ची विजेती कुत्री. तिचा चांदीचा पेला मोठ्या घरात आजही काचेच्या कपाटात आहे, आणि ओकखालचा सगळ्यात उंच दगड तिचा.

त्या काळी स्पर्धेत कुत्र्याचा हँडलर, म्हणजे त्याला मैदानात चालवणारा, गोराच असायचा. काळ्या माणसाने स्काउट व्हायचं, म्हणजे कुत्रं रानात दिसेनासं झालं की घोड्यावरून शोधत जायचं आणि ते लाव्यांसमोर उभं सापडलं तर टोपी उंच धरून हाक मारायची. मग पंच यायचे, हँडलर लावे उडवायचा आणि टाळ्या घ्यायचा. स्पर्धा त्या वर्षी तीन तळीतच होती. सकाळी तबेल्यात मालक, म्हणजे मेरेडिथचे आजोबा ऑगस्टस, ज्यांना सगळे मिस्टर गस म्हणायचे, काकांना म्हणाले, "ल्यूशस, आज ती उभीच सापडली पाहिजे. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

"होय साहेब."

आणि टॅन्सी सापडली ती ओढ्याच्या चिखलात लोळताना. लाव्यांचा थवा तिने आधीच उधळून लावला होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. साठ पावलांवर आलुबुखाराचं एक झुडूप होतं, काकांनीच वाढवलेलं, आणि त्यात दुसरा थवा असतो हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुत्री उचलली, झुडपासमोर उभी केली, शेपूट सरळ केलं, मागे आले आणि टोपी उंच धरली.

पंचांच्या आधी मिस्टर गस पोचले. त्यांनी कुत्रीच्या पोटाचा चिखल पाहिला, मग काकांकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढला, चिखल पुसला, रुमाल परत खिशात घातला. पेला घरी आला. काकांना मालकांचे जुने बूट मिळाले.

एवढ्या वर्षांत काकांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. पाद्र्यालाही नाही. इतक्या कुत्र्यांना खरं वागायला शिकवलं आणि जी सगळ्यात नावाजली तिलाच खोटं वागायला लावलं, हे त्यांना आतून खात होतं. सांगण्याआधी त्यांनी मेरेडिथला टेपरेकॉर्डर बंद करायला लावला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "हे गाडीवरचं."

"गाडीवरचंच," ती म्हणाली आणि त्यांचा हात हातात घेतला.

त्या दिवशी काका घरी आले ते शीळ घालत. मला वाटलं, लगाम हातात आला म्हणून खूश आहेत.

नोव्हेंबरमध्ये मोठ्या घरी पुस्तकाचा समारंभ झाला. काकांना दुसऱ्या रांगेत खुर्ची होती, आणि फीत बांधलेली प्रत मेरेडिथने स्वतः त्यांच्या मांडीवर ठेवली. तोवर काकांचे डोळे अधू झाले होते, मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करायला ते तयार नव्हते. मोठी अक्षरं दिसायची, पुस्तकातली बारीक नाहीत. घरी येईपर्यंत मोटारीत त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं.

"बघ गं पोरी, कुठे आलंय माझं," स्वयंपाकघरात टोपी काढता काढता ते म्हणाले आणि अक्रोडासारखे पेकान फोडायला बसले.

मी पानं उलटत गेले. गवत पेटवण्याचं प्रकरण होतं, त्यात काकांचे शब्द जसेच्या तसे होते, फक्त ते मिस्टर गस यांच्या तोंडी घातले होते. झुडपं लावण्याची कल्पना मिस्टर गस यांची. कुत्र्यावर हात उगारू नये हे तत्त्वही मिस्टर गस यांचंच. पेल्याच्या फोटोत काका कडेला घोडा धरून उभे, खाली लिहिलेलं 'एक स्काउट'. आणि मग पान एकशे त्रेचाळीस. ते मला आजही पाठ आहे:

'१९५६च्या विजयावर मात्र एक सावली आहे. ल्यूशस गेदर या स्काउटने मालकांच्या नकळत कुत्री उचलून थव्यासमोर उभी केली, असे त्याने आयुष्याच्या अखेरीस कबूल केले. सरळ मनाच्या ऑगस्टस स्टॅनवूड यांना या फसवणुकीची शेवटपर्यंत कल्पना नव्हती.'

आडनावासकट आलं होतं. साडेतीनशे पानांत फक्त तिथेच. तबेला नव्हता, रुमाल नव्हता, हे मला पुढे कळलं.

"सापडलं का?" काका पेकानवरून मान न उचलता म्हणाले.

"सापडलं."

"काय लिहिलंय?"

मी तोंडाला येईल ते वाचलं. "ल्यूशस गेदर यांच्यासारखा कुत्र्यांचा जाणकार या रानाने दुसरा पाहिला नाही. तीन तळीचं नाव झालं ते त्यांच्या हातामुळे." बसमधल्या पोरांना रोज दमात घेणारी बाई मी, आवाज जरासुद्धा हलला नाही.

"पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा शब्द थोडे बदलले, त्यांच्या लक्षात आलं नाही. मग ते म्हणाले, "तिथं खूण घालून ठेव." मी घोड्याच्या फोटोच्या पानात विजेचं बिल सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची फेरी संपवून बस तशीच मोठ्या घरी नेली. मेरेडिथ व्हरांड्यात कॉफी पीत होती.

"एकशे त्रेचाळीस," मी म्हणाले.

ती लाल झाली, पण तिने खाली बघितलं नाही. "ओपलीन, समजून घे. स्पर्धेच्या मंडळाला संशय होताच, आज ना उद्या कुणीतरी लिहिलंच असतं. आजोबांचं नाव..."

"आणि काकांचं? ओसरीवर ते हे कधी बोलले नाहीत, म्हणजे गाडीवरच सांगितलं असणार. गाडीचा नियम तुम्हालाही ठाऊक आहे."

"गाडीचा नियम..." ती थोडी अडखळली. "तो नोकरांसाठी होता ना गं." मग हळू आवाजात म्हणाली, "आणि ल्यूशसला आता वाचता कुठे येतंय?"

मी तिला बरंच काही ऐकवलं, इथे लिहिण्यासारखं नाही. पण तिच्या त्या शेवटच्या वाक्यापाशी मी बसकडे वळले, कारण आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मी त्याच गोष्टीचा फायदा घेतला होता.

काकांना खरं सांगायचं म्हणून मी तीनदा गेले आणि तीनदा कपडे धुऊन परत आले. त्यांना इतकं आनंदात मी मावशी होती तेव्हाही पाहिलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चनंतर आवारात जेवण होतं. टेबलांवर तळलेली कोंबडी, रताळ्याच्या गोड पाई, माझी मक्याची भाकरी. काकांनी पुस्तक पिशवीतून आणलंय हे मला ते उभे राहिल्यावरच कळलं.

"मंडळी, मी कधी स्वतःबद्दल बोललोय का?" काका म्हणाले.

"कुत्र्यांबद्दल बोलून वेळ उरला तर ना!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

"आज एक मिनिट द्या. डीकन, जरा वाचा. खूण घातलीय."

डीकन प्युइट म्हणजे आमच्या चर्चचे एक कारभारी आणि शाळेतले जुने मास्तर. मी उठून म्हणाले, "द्या, मी वाचते, मला पान माहीत आहे." डीकननी मला हातानेच बसवलं. "तू जेव, ओपलीन." त्यांनी खुणेचं पान बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. "इथे नुसता फोटो आहे, भाऊ. थांबा, मागे नावांची यादी असते." जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला यादी सापडायला कितीसा वेळ लागणार. बोट फिरवत ते 'गेदर'वर आले, पान काढलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

'कुत्री उचलून' इथे ते थांबले.

"थांबलात का?" काका म्हणाले. "वाचा."

"ल्यूशस, राहू दे."

"वाचा, डीकन."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. काकांनी हात पुढे करून पुस्तक घेतलं, टेबलावर भाकरीच्या ताटाशेजारी ठेवलं, टोपी घातली आणि फाटकाकडे चालू लागले. घर तीन मैलांवर होतं.

मी मोटार घेऊन मागे गेले. काच खाली करून शेजारून हळूहळू चालवत राहिले. "काका, बसा ना. काका, थंडी आहे." अर्धा मैल ते तसेच चालत राहिले. मग थांबले, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी मला सगळं सांगितलं. तबेला, चिखल, रुमाल, गाडी. पाठ म्हटल्यासारखं, एकदाही माझ्याकडे न बघता.

"मिस मेरेडिथला तिच्या आजोबांची अब्रू राखायची होती," शेवटी ते म्हणाले. "ते मला कळतं. तू कुणाची राखत होतीस?"

"तुमची," मी म्हणाले.

"मला विचारून?"

ते पुन्हा चालायला लागले. मी घरापर्यंत त्यांच्या मागे मागे गेले. ते पायऱ्या चढले, आत गेले आणि दाराला आतून कडी लावली. बुधवारी मी जेवण घेऊन गेले तेव्हाही ती लागलेलीच होती. आतून ते म्हणाले, "ओसरीवर ठेव आणि जा, ओपलीन." पोरी म्हणाले नाहीत. पुढे दोन वर्षं जगले, पण मला पोरी म्हणून त्यांनी कधी हाक मारली नाही.