वर अडकलेला काटा

“डायल बदलली, सेन्सर बदलला. आता एकदा धरण बदलून बघू,” बोट क्लबचे सेक्रेटरी सर कमिटीतल्या दोघांना म्हणाले. मला ऐकू जावं म्हणून ते बोलले नव्हते, पण जाऊ नये याची काळजीही त्यांनी घेतली नव्हती. मी धक्क्याला लावलेल्या बोटीच्या मागच्या टोकाला पालथी पडून मोटारीच्या ब्रॅकेटमध्ये हात घालत होते. हसण्याचा आवाज आला, मग कपबश्यांचा.

मी तेव्हा कोथरूडमधल्या एका छोट्या सर्व्हिसिंगच्या दुकानात कामाला होते. बोटीच्या मोटारी दुरुस्त करणारं दुकान पुण्यात असतं, यावर आईच्या भिशीतल्या बायकांचा विश्वास बसत नसे. “पुण्यात समुद्र कधी आला गं?” असं त्या विचारत. पुण्याला धरणं आहेत, धरणांवर क्लब आहेत आणि क्लबांकडे बोटी आहेत, हे मला सांगता आलं असतं. मी नुसती हसायचे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार व्हायचं. ते मराठीत आणेपर्यंत समोरचा दुसऱ्या विषयावर गेलेला असे. मग बोलायचं राहून जायचं, आणि त्याची सवय झाली होती.

खडकवासल्याच्या काठावरच्या त्या क्लबात मी तिसऱ्यांदा आले होते. कोथरूडहून स्वारगेट, स्वारगेटहून धरणाकडची बस, आणि पुढे खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन चालत. दुकानातला जुना मेकॅनिक नोकरी सोडून गेल्यापासून बाहेरची कामं माझ्याकडे आली होती. ऑक्टोबरचं ऊन पाण्यावरून तोंडावर येत होतं. दिवस नुकता सुरू झाला होता, पण मला संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं.

तक्रार तीच होती. मोटार पाण्यात किती कललेली आहे ते दाखवणारा एक काटा स्टिअरिंगजवळ असतो. मोटार वर उचलली की काटा वर जातो, खाली सोडली की खाली येतो. हा काटा वर गेला की खाली येतच नव्हता. पहिल्या वेळी आमच्या मालकांनी फोनवरच निदान केलं होतं, “डायल गेली असणार, बदलून टाक.” काटा तसाच राहिला. पितृपक्षात दुसऱ्यांदा येऊन मी सेन्सर बदलला, तेव्हा काटा नीट चालला. दसऱ्यानंतर तो पुन्हा अडकला.

“पितृपक्षात बसवलात, आणखी काय होणार?” सकाळी आल्या आल्या सर म्हणाले होते. मग आवाज न बदलता पुढे म्हणाले, “नवा सेन्सर आपोआप मरत नाही. त्यानं मोटार खडकावर आपटली आहे. तुम्ही फक्त बघून सांगा. आपटली असेल तर या महिन्यापासून दुसरा माणूस ठेवू.”

‘तो’ म्हणजे क्लबची बोट चालवणारे दादा. काठावरच्याच गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. हे बोलणं चाललं होतं तेव्हा ते दोन पावलांवर दोरखंड गुंडाळत उभे होते.

मी पद्धतीप्रमाणे सुरुवात केली. किल्ली फिरवली. काटा वरच. सेन्सरची वायर काढली, तर काटा एका टोकाला पडला. तीच वायर मोटारीच्या अंगाला टेकवली, तर दुसऱ्या टोकाला गेला. म्हणजे डायल ठीक, वायरही ठीक. मग मी सेन्सरला मीटर लावला आणि दादांना बटण दाबायला सांगितलं. मोटार घरघरत वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मीटरवरचा आकडा जागचा हलला नाही.

“गेला का?” दादांनी विचारलं.

“बघते.”

“आपटली न्हाई वो मी, मॅडम. पाणी कमी झालं की मी लांबूनच मोटार उचलतो. त्या काट्याकडं मी बघतबी न्हाई, आवाजावरनं कळतं.”

मी मान हलवली. मोटार वरच अडकवून ठेवण्याचा खटका लावला आणि मोबाईलचा टॉर्च ब्रॅकेटच्या आत धरला. सेन्सरला एक बोटाएवढी दांडी असते. मोटार कलते तशी ती दाबली जाते किंवा सुटते. ही दांडी दाबलेलीच राहिली होती. तिच्या मागे काहीतरी तपकिरी, चामड्यासारखं रुतून बसलं होतं. आजूबाजूच्या धातूवर कुठेही ओरखडा नव्हता. दगडाला लागलेली मोटार अशी दिसत नाही.

चिमट्यानं ओढल्यावर ते तुकड्यातुकड्यांनी निघालं. एक बी तळहातावर पडली. मी वास घेतला.

“दादा, इथे लिंबू कसं आलं?”

दादांनी आधी काठावरच्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग पुढे वाकले. “खंडेनवमीचं हाय ते. पूजा केली ना आपन, हळदकुंकू, हार. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत्यात, तसं सेक्रेटरी सायेब म्हणले बोटीलाबी पायजेल. आता बोटीला चाक कुठं हाय? मग त्यांनीच मोटार वर घ्यायला लावली, हितं सांदीत लिंबू ठेवलं, आन् म्हणले, सोड खाली. फचकन चिरडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

मला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. दांडी आता हाताने मोकळी हलत होती. मीटरवरचा आकडाही तिच्याबरोबर सरकत होता. वायरच्या जोडाशी थोडा हिरवा गंज चढला होता, तो मी पुसून काढला. काम संपलं होतं.

“तुमी त्यांना लिंबाचं सांगू नका,” दादा हळूच म्हणाले. “चारचौघांत त्यांची चूक काढली तर मला तसंबी ठेवायचे न्हाईत.”

मी मालकांना फोन लावला. ते ऐकून आधी खूप हसले. मग म्हणाले, “हे बघ, तिथे काही बोलू नकोस. जुनं गिऱ्हाईक आहे. पाणी गेलं होतं म्हणून सांग, साफ केलं म्हणावं, आणि ये निघून.”

पाणी गेलं. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य. कुणाचंच नाव त्यात येत नाही. पण इथे येत होतं. बोट धुणारे दादा, लावून ठेवणारे दादा. पाणी गेलं म्हटलं तर ते दादांनीच जाऊ दिलं, असं सर म्हणणार.

मी हत्यारं एकेक पुसून पिशवीत ठेवली. जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. सरांनी स्वतःहून काही विचारू नये, आपण बस पकडावी, असं फार वाटत होतं. दादा पुन्हा त्याच दोरखंडाशी जाऊन उभे राहिले होते. तो मघाशीच गुंडाळून झाला होता, तरी ते सोडून पुन्हा गुंडाळत होते.

“हं, काय निघालं?” सर धक्क्याच्या टोकापर्यंत आले. मागून कमिटीतले दोघेही कप हातात घेऊन आले.

“काटा चालतोय आता.” मी खटका काढला, किल्ली फिरवली आणि बटण दाबून मोटार वर-खाली करून दाखवली. काटा वर गेला, खाली आला.

“ते दिसलं हो. कारण काय? आपटलीच होती ना?”

डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार होतं, छान, सभ्य, गोलगोल. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. सगळं आपोआप झालेलं होतं. मी ते मराठीत आणायला लागले आणि मध्येच कंटाळा आला. बाजूला ठेवलेलं लिंबाचं साल उचलून मी त्यांच्यासमोर धरलं.

“आपटलेली नाही,” मी म्हणाले. “हे सेन्सरमध्ये अडकलं होतं.”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट पाहिलं. ते काय आहे हे त्यांना कळलं, तेही मला दिसलं. तरी त्यांनी दादांकडे मान वळवून विचारलं, “हे इथे कुणी कोंबलं?”

दादांचा हात दोरखंडावर थांबला.

“तुम्ही ठेवलंत, सर,” मी म्हणाले. “नवमीला. त्यांनी फक्त तुम्ही सांगितलंत तेव्हा मोटार खाली सोडली.”