जरा सरक की

"जरा सरक की," एवढं म्हणून सर माझं अर्धं टेबल बळकावायचे. माझा डबा, पाण्याची बाटली, सगळं खिडकीत जायचं.

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात मी प्रोग्राम लिहायचो, तिथे ते गुणांच्या याद्या सांभाळायचे. मूळचे देवणीचे. उत्तरपत्रिका गुणांप्रमाणे लावायचं काम ते हातानेच करायचे. गठ्ठा आला की आधी चाळून बघायचे. "हे तर लागलेलंच हाय. लागलेलं कशाला मोडायचं?" मग असे आधीच क्रमाने लागलेले छोटे गठ्ठे शेजारीशेजारी मांडून एकेक पेपर उचलत त्यांचा एक मोठा गठ्ठा करायचे. त्या मांडामांडीला माझं टेबल लागायचं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच.

मी नवा होतो आणि, खोटं कशाला बोलू, अतिशहाणाही. क्रम लावायची सोय प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार मिळते, पण ती जास्तीची मेमरी, म्हणजे कॉम्प्युटरमधली जागा, घेते. म्हणून मी स्वतःची लिहिली, जागच्या जागी अदलाबदल करणारी. "जागा वाचवली," हे मी चहाच्या टपरीवाल्यालासुद्धा सांगितलं होतं. त्याने बिस्कीट पाहिजे का विचारलं.

मग माझ्या प्रोग्रामने काढलेली खास बॅचची यादी लागली. शेवटच्या जागेसाठी दोन मुली, गुण सारखेच. अशा वेळी ज्याचा अर्ज आधी त्याला जागा, असा क्लासचा नियम. किल्लारीच्या मुलीचा अर्ज आधीचा होता, तरी नाव खाली गेलेलं, म्हणजे बॅचच्या बाहेर. तिचे वडील पावती घेऊन दारात उभे.

"मी तर अर्जांच्या क्रमानेच नावं भरली होती," मी म्हणालो.

"जरा सरक की." सरांनी माझ्या टेबलावर अर्जांच्या क्रमाने पेपर मांडले आणि गुणांप्रमाणे हाताने लावले. दोघी सारख्या निघाल्या, पण किल्लारीची वरच राहिली. "बरोबरीवाल्यांना मी हलवत न्हाई. तुझ्या प्रोग्रामनं हलवलं. जागा वाचवली म्हणत हुतास न्हवं तू? पोरीची गेली की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी कारागिरी काढून मी भाषेतली तयार सोय लावली. ती सरांसारखीच, जागा घेते पण बरोबरीवाल्यांना हलवत नाही. मुलगी यादीत आली.

"काय झालं होतं, सर?" वडिलांनी विचारलं.

"काही न्हाई. टेबल लहान पडलं," सर म्हणाले. माझं नावही घेतलं नाही.

निवृत्त होऊन ते नांदेडला मुलीकडे गेले. मला त्यांची फार आठवण येते. आता अख्खं टेबल माझं आहे. डबा मात्र मी अजून खिडकीतच ठेवतो.