अमेरिकेतली मरणं आणि आमचे बाबा

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर लावली आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. "हे पॅन्क्रियाज. इथे गाठ आहे. आणि लिव्हरवर हे ठिपके दिसतात ना, ते तिच्यातूनच पसरलेत."

पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड. जठराच्या मागे आडवं असतं. इतकं आत, की तिथे काही बिघडलं तरी लवकर कळत नाही.

"ऑपरेशन?" दादाने विचारलं.

"त्या टप्प्याच्या पुढे गेलंय. केमोथेरपीने काही महिने वाढू शकतात. नाहीही वाढणार. तुम्ही घरी बोला, पेशंटशी बोला, मग ठरवू."

बाबा बाहेर बाकावर आईशेजारी बसले होते. दार उघडण्याआधी दादाने माझा दंड धरला. "बाबाले काही सांगू नको. खडे हायेत म्हणू. पित्ताचे." मी काही बोलायच्या आत तो बाहेर पडला आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणाला, "काही नाही बाबा, खडे हायेत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत पाण्याची बाटली शोधू लागले.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावचे. बाबांचा भाजीपाला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी ते स्वतः बसून विकायचे. दादाचं, म्हणजे प्रशांतचं, गावातच बी-बियाण्यांचं दुकान, कृषी केंद्र आहे. मी बुलढाण्याला एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. पीएचडी करते आहे, अजून झालेली नाही. विषय आहे अमेरिकन साहित्यातला मृत्यू. विषय सांगितला की लोक हसायचे. त्या दिवसानंतर मी तो कोणाला सांगणं बंद केलं.

सुरुवात खाजेने झाली होती. अंगभर खाज, पुरळ मात्र नाही. मग चहा कडू लागायला लागला. मग डोळे पिवळे. गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात, ते घेतलं. त्यात दिवस गेले. पोटात दुखत नव्हतं, म्हणून कोणी घाबरलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. घरातल्या वयस्क माणसाला न दुखता कावीळ झाली, खाज सुटली, वजन उतरलं, तर झाडपाल्यावर थांबू नका. आधी सोनोग्राफी करा.

संभाजीनगरच्या ज्या इस्पितळात सीटी स्कॅन झालं, तिथेच आधी ईआरसीपी झालं. तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, बसवतात. अडलेलं पित्त वाट काढतं. खाज गेली. बाबांना वाटलं, बरे झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, "मेथी कोन खुडून राह्यलं?" दादा मला म्हणाला, "पाह्य, कसे खूश हायेत. अन् तू सांगाले निघाली होती."

मग केमो सुरू झाली. दादाने त्याला ताकदीचं सलाईन असं नाव दिलं. मी डॉक्टरांना एकटी भेटले. ते म्हणाले, "मी पेशंटपासून लपवत नाही. त्यांनी विचारलं तर सांगणार. पण ते विचारत नाहीत, आणि तुमचे भाऊ मला बोलू देत नाहीत." ते चिडलेले नव्हते. दमलेले वाटले. बाहेर रांग होती.

केमोनंतर बाबांच्या तोंडात फोड आले. पाणी गिळवेना. उलट्या. पाय सुजले. धाडहून संभाजीनगरला बसने जायचं, नाहीतर कोणाची तरी गाडी मागायची. वेटिंग रूममध्ये तासन् तास. मी प्रबंधाची फाइल सोबत न्यायचे. प्रकरण संपवायचं होतं, मुदत वाढवून घेऊन झाली होती. सलाईन लागलेल्या बाबांच्या खुर्चीशेजारी बसून मी मरणावरची टिपणं काढायचे. तेव्हा त्यात विचित्र काही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. झोप यायची फक्त.

एके दुपारी आई डबा गरम करायला गेली होती. बाबा म्हणाले, "काय लिहून राह्यली व येवढं?"

"कॉलेजचं हाय, बाबा."

"कायचं?"

मी सांगितलं. खोटं सांगायला तेवढी ताकदसुद्धा उरली नव्हती. "अमेरिकेतले लेखक मरणावर काय लिहितात, ते."

"मंग काय लिहितात?"

मी वर्गात हे इंग्रजीत शिकवते. आपल्या बोलीत कधी सांगितलं नव्हतं. सांगायला लागले तर सोपं झालं. पहिले तिकडे गेलेले लोक मरण दाराशीच उभं आहे असं धरून चालायचे, प्रवचनातही तेच. ज्यांना गुलाम करून नेलं त्यांच्या गाण्यांत मरण म्हणजे घरी परत जाणं. मग मोठी लढाई झाली, तर जखमी पोरांच्या खाटेशी बसून कोणीतरी त्यांच्या घरी पत्र लिहायचं.

"खरं लिहायचे?"

"कधी खरं, कधी नाही."

"मंग पुढं?"

"पुढं मानसं घरी मरेनाशी झाली. दवाखान्यात मरू लागली. मंग त्या गोष्टींत सगळे हळू आवाजात बोलतात. ज्याचं मरन हाय, त्यालेच कोणी सांगत नाही."

बाबा वर बाटलीकडे पाहत होते. थेंब पडत होते.

"नाही सांगितलं, त त्याले कळत नाही का?"

"कळते."

"मले खडे नाहीत ना, सुनी?"

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला सुनी म्हटलं होतं. मी फाइल मिटली. म्हणाले, "नाही. कॅन्सर हाय. पसरला हाय."

मला वाटलं होतं, ते रडतील. नाहीतर ओरडतील. त्यांनी सलाईन नसलेला हात चेहऱ्यावरून फिरवला आणि विचारलं, "दुखन का लय?"

"दुखन. पन त्याले औषध हाय."

"अन् हे सलाईन कायले?"

"थोडे दिवस वाढावे म्हणून. वाढतीनच असं नाही."

ते पुन्हा थेंबांकडे पाहू लागले. आईच्या चपलांचा आवाज आल्यावर घाईने म्हणाले, "प्रशांतले सांगू नको, मले माहीत हाय म्हणून. लय झुरन तो."

म्हणजे आता दादा बाबांसाठी नाटक करत होता आणि बाबा दादासाठी. मधे मी आणि आई. आईला केव्हाच कळलं होतं, हे मला नंतर कळलं. आमच्या घरात चार माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती. त्यासारखं थकवणारं दुसरं काही मी अनुभवलेलं नाही. उलट्या पुसणं त्यापुढे सोपं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले. गाठ कमी झाली नव्हती. दादा म्हणाला, "अजून एक कोर्स करू." बाबा म्हणाले, "साहेब, मले विचारा ना."

दादा बाबांकडे वळला.

"मले सारं माहीत हाय. हे सलाईन मले नको. मले घरी न्या. तोंडातले फोड जाऊ द्या, मले वांग्याची भाजी खायची हाय."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी ते पहिल्यांदा थेट बाबांशी बोलले. बाहेर रांग असूनही बोलले. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं: आजार बरा होणार नाही हे मान्य करून माणसाचा त्रास कमी करायचा. "उपचार थांबत नाहीत, बाबा. उपचारांचं काम बदलतं." मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. नावाला घाबरू नका म्हणाले, दुखण्याआधी घ्या, दुखण्याची वाट पाहू नका. त्या डॉक्टरांचं नाव इथे लिहीत नाही, पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दादा जिन्यात माझ्यावर ओरडला. "तूच सांगितलं. तुह्या पुस्तकांसाठी तुले मरनच पाहिजे होतं." लोक पाहत होते. मी गोळ्या आणायला खाली उतरले. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

घरी आल्यावर सोपं झालं, असं मी म्हणणार नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सतत कूस बदलायची. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, त्याची वेगळी औषधं. डायपर. आईची कंबर गेली. पण फोड गेल्यावर बाबांनी वांग्याची भाजी दोनदा खाल्ली. भाजीचे वाफे कोणाला कसायला द्यायचे ते स्वतः ठरवलं. आपल्या बहिणीला बोलावून घेतलं आणि ती रडायला लागली तर म्हणाले, "रड, पन बसून रड, उभी काऊन?"

संध्याकाळी मला विचारायचे, "अमेरिकेत आज कोन मेलं?" मग मी एखादी गोष्ट सांगायचे. गुलामांची गाणी त्यांना आवडली. सारखं मरणाला घाबरून प्रवचन ऐकणारे लोक आवडले नाहीत. "कामं कधी करत होते ते?" दादा दाराशी उभा राहून ऐकायचा. आत येत नसे. एकदा मी एका बाईची गोष्ट अर्धवट सोडली, तर तोच बाहेरून म्हणाला, "मंग तिचं काय झालं?" बाबा हसले. मग त्यांना खोकला आला आणि दादा आत येऊन त्यांना उठवून बसवू लागला.

बाबा दुपारी गेले. सगळे घरी होतो. श्वास लांबत गेला, मधली जागा वाढत गेली. आईने पाय धरले होते, दादाने डोकं. काय होतंय ते त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी पळापळ केली नाही.

प्रबंध अजून पूर्ण नाही. दवाखान्यांवरचं प्रकरण उघडलं की मला फिनाइलचा वास येतो आणि मी ते बंद करते. जमेल तेव्हा जमेल. ज्यांच्या घरी हे चालू आहे ते मला विचारतात, सांगावं की नाही. सांगाच, असं मी छातीठोक म्हणत नाही. मला एकदा जमलं, तेही थकव्यामुळे.

परवा मी धाडला गेले होते. दादा दुकानात फोनवर बोलत होता. मोताळ्याचा त्याचा मित्र, वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालेला. पलीकडून तो बरंच काही सांगत होता. दादा ऐकत होता, बियाण्यांच्या पाकिटांवरची धूळ बोटाने पुसत होता. मग म्हणाला, "मले काय विचारतो बे? त्यायले विचार. तुमाले किती ऐकाचं हाय, असं विचार."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. स्टूल पुढे सरकवलं. "बैस," म्हणाला. "च्या सांगतो."