माझ्या मागे राजवाडा आहे

राजे फोटोत उभे राहिले की मागचं काही दिसत नसे. डोंगर असो, चर्च असो, धबधबा असो. डावा हात कमरेवर, उजवा कोटाच्या खिशात, हनुवटी वर आणि एकूण देहाचा विस्तार असा, की युरोप दोन्ही कडांना चार-चार बोटं उरायचा. मग फोटो दाखवताना ते स्वतःच सांगायचे, "माझ्या मागे राजवाडा आहे." आम्ही माना डोलवायचो. दुसरा इलाजच नव्हता. नाव त्यांचं वेगळंच होतं. 'राजे' हे आम्ही त्यांच्या उभं राहण्यावरून ठेवलेलं.

सिंगापूरच्या आमच्या मराठी कंपूत तेव्हा एक रीत होती. युरोप करून आलेल्यानं सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि टीव्हीवर फोटो दाखवायचे. जेवणाआधी. नंतर माणसं पळतात, हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक. राजे तांजोंग पगारच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. आम्ही क्वीन्सटाउनच्या साध्या सरकारी फ्लॅटमध्ये, ते पोहण्याच्या तलावाच्या महागड्या काँडोत, आणि त्यांचा टीव्ही आमच्या भिंतीएवढा. आतून वहिनींच्या मसालेभाताचा वास येतोय आणि आपण राजांचा कोट बघतोय, असे कित्येक रविवार आम्ही काढले.

अशाच एका रविवारी व्हिएन्ना चालू होतं. कितव्यांदा तरी "माझ्या मागे राजवाडा आहे" झाल्यावर माझ्या बायकोनं, अनुजानं, भाबडेपणानं विचारलं, "राजे, आतून कसा आहे हो?"

राजांनी तिच्याकडे दयेनं पाहिलं. "आतलं सांगून कळायचं नाही, अनुजा. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये राहून त्या दालनांची कल्पना येत नाही."

सगळे हसले. अनुजाही हसली, पण तिचं हसू मला चांगलं ओळखता येतं. माझं डोकं फिरलं. "राजे, एवढे फोटो, आणि आतला एकही नाही? रांग बघून दारातूनच परत फिरलात वाटतं!"

हशा आता माझ्या बाजूला आला. राजांचे कान लाल झाले. मग ते फार गोड आवाजात म्हणाले, "जोगळेकर, तू जाऊन ये. आतले फोटो आण. मी सगळ्यांसमोर कान पकडतो. नाही आणलेस, तर तू पकड."

"ठरलं!"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार, एवढ्यात राजे म्हणाले, "अगं, मठ्ठा आण बघू." मठ्ठा उत्तम होता. मी दोन पेले प्यालो.

पुढं वर्षभर मी त्या सुडावर जगलो. रजा साठवली. अंधाऱ्या खोलीतही झुंबराचा लोलक न् लोलक टिपेल अशी लेन्स घेतली. फोटोत माणूस म्हणून घ्यायचा नाही, हे पक्कं. नुसती छतं, पलंग, पडदे. राजांना पहिल्या ओळीत बसवायचं आणि सावकाश म्हणायचं, "राजे, यात राजवाडा पुढे आहे." हे वाक्य मी अंघोळ करताना आवाजाच्या चढउतारासकट बसवलं होतं.

व्हिएन्नाला पोचलो. राजवाडा पिवळाधमक, लांबच लांब. मी गळ्यात कॅमेरा टाकून लग्नाच्या फोटोग्राफरसारखा पुढे झालो. दारातल्या चष्मेवाल्या पहारेकरणीनं माझ्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे. पाटीवर कॅमेऱ्याचं चित्र, त्यावर लाल काट. आत फोटो काढायला सक्त मनाई.

आयुष्यभर आयटीत राहून अटी न वाचता 'मान्य आहे' दाबत आलेला मी माणूस. तिकिटं काढतानाही तेच केलं होतं.

दालनामागून दालन संपत होतं. अनुजा खुशीत बघत होती. मला सोन्याच्या नक्षीतून राजांचे लाल कान दिसत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं! त्या रविवारी एका वाक्यात ते माझं तोंड बंद करू शकले असते. नाही केलं. वर्षभर वाट पाहिली. शेवटच्या दालनात मी शर्टाच्या खिशातला फोन हळूच वर सरकवला आणि बटण दाबलं. आला तो फोटो माझ्या अंगठ्याचा आणि पहारेकरणीच्या बुटाचा. पुढच्याच क्षणी ते बूट मला दारापर्यंत सोडायला आले.

जेवणाचं आमंत्रण मी निघण्याआधीच सगळ्यांना देऊन ठेवलेलं. आमचा फ्लॅट भरला. अनुजानं श्रीखंड-पुरी केली होती. राजे पहिल्या ओळीत, कोट घालून, सिंगापूरच्या उकाड्यात! मी बाग दाखवली, कारंजं दाखवलं, बागेतले सगळे पुतळे एकेक करून दाखवले.

"सुंदर," राजे प्रत्येक पुतळ्याला म्हणत. "आत कधी जायचं?"

शेवटी मी तो अंगठा लावला.

"बूट चांगला आहे," राजे म्हणाले.

"आतलाच आहे तो! राजवाड्याच्या आतला!"

"असेल. पण पंचांना विचार."

पंच म्हणजे आमची शाळकरी लेक. ती सोफ्यावरूनच अस्सल सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "पप्पा, यू लॉस्ट, ला! जस्ट डू इट!"

मी कान पकडले. राजांनी त्याचा फोटो काढला आणि श्रीखंड दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग ते अनुजाकडे वळले. "आता तुला कळलं ना, आतून कसा आहे ते? मला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं." माफी म्हणावी तर एवढीच. मला तीही नाही.

उट्टं काढायचं राहिलं ते राहिलंच. दोनेक वर्षांत राजांच्या बँकेनं माणसं कमी केली. त्यात राजे गेले, नोकरीबरोबर सिंगापुरात राहायचा पासही गेला आणि त्यांनी पुण्याची तिकिटं काढली. मला रागच आला. सूड घ्यायला माणूस जवळ लागतो, आणि हे निघाले!

चांगी विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. राजे जरा वाळले होते, पण उभे तसेच. हात कमरेवर, हनुवटी वर. "चल जोगळेकर, एक फोटो." वहिनींनी फोन धरला. अगदी ऐनवेळी मी एक पाऊल पुढे टाकलं, बरोबर राजांच्या समोर, आणि हात कमरेवर ठेवला. वहिनींनी ते पाहिलं आणि तरीही बटण दाबलं. आयुष्यभर राजांचे फोटो काढून त्यांचंही काही उट्टं राहिलं असणार.

फोटोत माझं हसरं तोंड आणि मागून राजांचं एक कोपर. इतका शुद्ध सूड मला पुन्हा कधी जमला नाही.

गेल्या खेपेला कोथरूडला त्यांच्याकडे गेलो. बसायच्या खोलीत युरोपातला एकही फोटो नव्हता. टीव्हीच्या वर, सोनेरी चौकटीत, चांगीवरचा हाच फोटो होता. शेजारचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तेच का हो?"

"तो कोण ते सोडा," राजे म्हणाले. "त्याच्या मागे मी आहे."