दिघ्यांची खानेसुमारी

गंगाधर दिघे मूळ महाडचे. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते; मुलगा मुंबईच्या एका कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला, याचं गावाला कौतुक होतं. पण माणूस कमालीचा संशयी. आंब्याची करंडी घ्यायची तर आधी तळाचा आंबा काढून बघणार. कोणी स्तुती केली की, याला माझ्याकडून काय हवंय, हा विचार पहिला.

१९३४ साली त्यांनी कॉलेजच्या प्राध्यापक सभेपुढे एक ठराव मांडला. संख्याशास्त्र तेव्हा त्यांच्या कॉलेजात कुणाच्याच मालकीचं नव्हतं. अर्थशास्त्रवाले सरासरीपुरतं शिकवत, वनस्पतीशास्त्रवाले पिकांच्या प्रयोगापुरतं, आणि गणितवाले चार प्रमेयं फळ्यावर लिहून मोकळे होत. तिन्ही खात्यांनी मिळून एकच वर्ग चालवावा, असं दिघ्यांचं म्हणणं.

सभेत कोणी विरोध केला नाही आणि कोणी हातही वर केला नाही. जो तो शेजारच्याकडे बघत होता. शेवटी अर्थशास्त्राचे मुख्य श्रीधरपंत करमरकर गोड आवाजात म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. फक्त वर्ग आमच्या खात्याच्या देखरेखीखाली असावा, म्हणजे गोंधळ नको."

'देखरेख' हा शब्द दिघ्यांच्या कानात खड्यासारखा रुतला. विषय गिळायचा बेत आहे, हे त्यांनी तिथेच ओळखलं.

प्रिन्सिपॉलांनी तोड काढली. तिन्ही खात्यांतला एकेक जण मे महिन्याच्या सुट्टीत कुठेतरी जाऊन एकत्र पाहणी करील, जूनमध्ये अहवाल मांडील, मग मतं घेऊ. गणितातर्फे दिघे, वनस्पतीशास्त्रातर्फे सबनीस. श्रीधरपंतांनी स्वतः न येता आपल्या हाताखालच्या चारुशीला गुप्ते यांचं नाव दिलं. नुकत्याच रुजू झालेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. ही आपल्यावर नजर ठेवायला धाडलेली आहे, असं दिघ्यांनी सबनीसांना बोलूनही दाखवलं. सबनीस नुसते हसले.

पाहणीसाठी दिघ्यांनी आपलाच मुलूख निवडला. ओळखीच्या गावात माणसं खरं बोलतील, असा हिशेब. बाणकोटच्या खाडीतून लाँचने दासगावला उतरून तिघं महाडला आले, तेव्हा पहिला धक्का घरच्या ओटीवरच बसला. भेटायला आलेले वकील हळूच विचारते झाले, "गंगाधरपंत, तळ्याच्या पाण्यावरच्या हक्काचा दावा कोर्टात असताना ही माणसं मोजायची टूम कुणाची? कुठल्या पक्षाची?"

"कुठल्याच नाही. कॉलेजची पाहणी आहे."

"असं का," म्हणाले वकील, आणि त्यांनी विषय बदलला. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

पोलादपूरला दिघे आणि सबनीस धर्मशाळेत उतरले, चारुशीलाबाई शाळेतल्या मास्तरीणबाईंकडे. सकाळी उन्हं चढायच्या आत डोंगरातल्या वाड्यांवर जायचं. घरात माणसं किती, वयं काय, मुंबईला कोण, शेत किती, पिकतं काय, एवढंच विचारायचं. लोक पाणी देत, घोंगडी अंथरत, विचारलेलं सांगत. कोणी वाकडं बोललं नाही. दिघे खूश होते.

मग एका दुपारी त्यांनी धर्मशाळेच्या ओसरीवर वयांचा आलेख काढला. पोरंसोरं होती, म्हातारे होते, बायका होत्या. अठरा ते तीसच्या पुरुषांच्या जागी मात्र भोकच पडलं होतं.

"मुंबईला असतील," सबनीस म्हणाले.

"मुंबईलाही कोणी नाही म्हणून सांगितलंय. मग गेले कुठे?"

"मला एक खटकत होतंच," सबनीस म्हणाले. "भाताच्या राबात जाळायला इथल्या ऐनाच्या, किंजळाच्या झाडांच्या फांद्या पार शेंड्यापर्यंत तोडलेल्या आहेत. हे म्हातारे चढतात होय तिथवर?"

दिघ्यांच्या डोक्यात लगेच दुसरंच चक्र फिरलं. निम्मी घरं चारुशीलाबाईंनी विचारली होती. त्यांनीच आकडे बिघडवले नसतील कशावरून? अहवाल फसला की श्रीधरपंत म्हणायला मोकळे, बघा, देखरेख हवीच होती. शिवाय गेले काही दिवस बाई दुपारी एकट्याच वरच्या वाडीवर जात होत्या. कशाला?

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या तसे दिघे मागोमाग निघाले. करवंदीच्या जाळ्यांआडून, वळणावर थांबत, धोतराचा सोगा सावरत हा चाळिशीचा प्रोफेसर डोंगर चढला. चंद्राबाई नावाच्या म्हातारीच्या घराच्या पडवीत बायका बसल्या होत्या, मध्ये चारुशीलाबाई. हातात कागद नाही, पेन्सिल नाही. दिघे कुडाला लागून उभे राहिले.

"तू चांगली हायस गो बाय," चंद्राबाई म्हणत होती. "पर त्या दिघ्याच्या पोराबरूबर कशाला फिरतंस?"

दिघ्यांच्या पायाखालचा दगड सरकला आणि गडगडत खाली गेला. बायकांनी वळून पाहिलं. आता लपण्यात अर्थ नव्हता. ते पुढे झाले.

"माझं काय चुकलं, चंद्राबाई?"

म्हातारी उठली नाही. पदर मात्र नीट केला. "तुमचा नाय, तुमच्या बापसाचा. लढाईच्या साली आला व्हता, हितंच बसला व्हता. पोरं किती, वयं काय, अशीच गोड बोलून पुसत व्हता. म्या इस्वासान सांगितला. म्हयन्यान भरतीवालं आलं. कुणाच्या घरात कोण हाय, समदा ठावा त्यांना. माझा सदू बसऱ्याच्या लढाईला गेला." ती थांबली. "गेला तो गेला. आता धाकटा चांगू हाय. तो हाय का नाय, त्ये तुम्हाला कशाला हवा?"

आतल्या अंधारात कुणीतरी हललं, तरणाताठा माणूस असावा, आणि परत स्तब्ध झालं. दिघ्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

उतरताना बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"परवा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "त्या काहीतरी लपवताहेत हे दिसत होतं. म्हणून नुसती बसायला येत होते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमचा माझ्यावर विश्वास बसला असता, सर? आजसुद्धा तुम्ही माझ्या पाळतीवरच आला होतात ना?"

खरं तर त्या क्षणीही दिघ्यांच्या मनात आलं होतं, की हे सगळं बाईंनी जुळवून आणलेलं नसेल कशावरून. मग त्यांना वडील आठवले. लढाई संपल्यावर घाटाकडच्या फिरतीचं नाव निघालं की वडील पोटदुखीचं निमित्त काढत. आई रागावे, तेही काही न बोलता ऐकून घेत. त्यांना भरतीचं आधी ठाऊक होतं का, हे विचारायला आता ते उरले नव्हते. दिघ्यांनी आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला होता. आपल्या आडनावाचाच कोणी संशय घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मुंबईला परतल्यावर अहवालाचा प्रश्न आला. सबनीस म्हणाले, भोक बुजवून आलेख गुळगुळीत करता येईल, कोणाला कळणार नाही. दिघ्यांनाही दोन दिवस तो मोह झाला. ठराव पडावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण जूनच्या सभेत ते उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "आमचे आकडे खोटे आहेत."

श्रीधरपंतांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. दिघे थांबले नाहीत. वाडीचं किंवा कुणा माणसाचं नाव न घेता, पण स्वतःच्या वडिलांचं नाव घेऊन, त्यांनी सगळं सांगितलं. "आलेखातलं भोक मला दिसलं," ते म्हणाले, "पण मी त्याचा भलताच अर्थ लावला. माणसं आहेत, हे सबनीसांना झाडं बघून कळलं. आणि ती का लपली, हे गुप्तेबाईंना कळलं. तिघांपैकी एकटा कोणी गेला असता, तर खोटे आकडे घेऊन खुशाल परत आला असता. यावर देखरेख एका खात्याची कशी ठेवणार?"

मतं पडली. ठराव निसटत्या बहुमताने पास झाला, पण सुखासुखी नाही. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं राहील, आणि पहिलं वर्ष श्रीधरपंतांचं, अशी दुरुस्ती कुणीतरी आणली. ती कुणी लिहून दिली होती, हे दिघ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्याबदल्यात चारुशीला गुप्त्यांना वर्गाच्या मुख्य अध्यापिका करण्याची सूचना मांडली. आपल्याच खात्याच्या बाईंना श्रीधरपंत नाही कसे म्हणणार? ओठ दाबून त्यांनी हात वर केला.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने तो अभ्यासक्रम दोनदा परत पाठवला. एकदा म्हणे तो गणितात बसत नाही, एकदा म्हणे कलाशाखेत बसत नाही. मान्यता आली तेव्हा दशक संपत आलं होतं, तीही एका ऐच्छिक पेपरापुरती. तोवर श्रीधरपंत निवृत्त झाले होते. दिघे प्रत्येक सभेचं इतिवृत्त शब्दन् शब्द तपासल्याशिवाय सही करत नसत. स्वभाव कुठे जातो?

मात्र विद्यार्थ्यांना घेऊन गावांत जायचं काम त्यांनी बाईंवर सोपवलं. पहिल्या धड्यातच बाई मुलांना सांगत, समोरच्या माणसाला न सांगण्याचा हक्क आहे, आणि तेही उत्तर म्हणून मांडायचं.

पाहणीच्या पुढल्याच उन्हाळ्यात महाडला आले असताना दिघे एकटेच चंद्राबाईकडे गेले. ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. तिने वर पाहिलं.

"आता काय पुसायचा हाय?"

"काही नाही. सहज आलो."

"सहज?" म्हातारी म्हणाली, आणि त्यांचे दोन्ही हात रिकामे आहेत की नाहीत ते आधी नीट बघून घेतलं. मग आमसुलांचं सूप थोडं बाजूला सारून तिने त्यांना सावलीत बसायला जागा करून दिली. दिघे बसले. ती काम करत राहिली, मधूनमधून त्यांच्याकडे बघत.